विश्लेषण : दुर्बीण न घेता आकाशदर्शन कसे सुरू करावे?

जूनचा पहिला आठवडा सरला की जिल्ह्यात एकच विषय असतो : मृग लागला, पाऊस कधी? गंमत अशी, की त्या दिवसांत मृग नक्षत्र आकाशात कोणालाच दिसत नाही. ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. ते तारे मग सूर्याच्या आगेमागेच उगवतात आणि मावळतात. ज्याच्या नावावर पेरणीचे गणित मांडले जाते, ते नक्षत्र प्रत्यक्ष पाहायचे तर हिवाळ्यात रात्री गच्चीवर जावे लागते. या छंदाची सुरुवात तिथूनच होते, आणि तिला पैसे लागत नाहीत.

पहिल्या रात्री काय पाहावे?

फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. बरेच वर, चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आणि त्याच्या मधोमध ओळीत तीन तारे दिसतील. तो मृग. तीन ताऱ्यांची ओळ डावीकडे खाली वाढवली की व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. उलट दिशेला वाढवली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. आता व्याधापासून सरळ खाली, दक्षिण क्षितिजाकडे या. तिथे एकटाच ठळक चमकणारा तारा म्हणजे अगस्ती, तेजस्वितेत दुसरा.

हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश आकाश झाकते. सोलापूर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जेमतेम दोन मुठींवर दिसतो. अगस्तीही दक्षिणेला तेवढाच वर येतो. लंडनमधल्या हौशी निरीक्षकाला अगस्ती घरून कधीच दिसत नाही. मे महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला मूठभर उंचीवर त्रिशंकूही दिसतो. मात्र त्यासाठी क्षितिज मोकळे हवे, आणि माळरानाची आपल्याकडे वाण नाही.

पंचांग कशाला?

दाते पंचांग सोलापुरातूनच निघते आणि अनेक घरांत ते असतेच. त्यात रोजचे नक्षत्र दिलेले असते, म्हणजे चंद्र त्या दिवशी कोणत्या नक्षत्रात आहे ते. चंद्र रोज साधारण १३ अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे दिवसाला एक नक्षत्र. पंचांगात पाहायचे, गच्चीवर जायचे, चंद्राशेजारचे तारे ओळखायचे. पंचांगातले विभाग समान मापाचे असल्याने तारे थोडे पुढेमागे सापडतील. तरीही महिनाभरात राशीपट्टा पाठ होतो. भविष्य कोणी कशावर पाहावे हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण पंचांगाचा हा उपयोग नक्की पडताळून पाहता येतो.

अंधुक तारे पाहायचे तर अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडा. चंद्रावरची विवरे मात्र पौर्णिमेला नव्हे, अष्टमीच्या सुमारास उठून दिसतात, कारण तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर लांब सावल्या पडतात.

दुर्बीण केव्हा घ्यावी?

बहुतेकांचा छंद इथेच मोडतो. वाढदिवसाला स्वस्तातली दुर्बीण येते, खोक्यावर ‘६७५ पट’ लिहिलेले असते, तिकाटणे वाऱ्याने हलते, गुरू दिसण्याआधीच निसटतो. आठवड्याभरात ती माळ्यावर जाते. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमधल्या आकड्याची दुप्पट ही उपयुक्त वर्धनाची ढोबळ मर्यादा. म्हणजे ५० मिलिमीटरच्या भिंगाला १०० पट. बाकी आकडे खोक्यावरच राहतात.

त्याऐवजी आधी १०×५० किंवा ७×५० चे बायनॉक्युलर घ्या. कोपर कठड्यावर टेकवले तर गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चंद्र, मृगातला तेजोमेघ आणि २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका दिसते. वर्षभर टिकलात तर सहा इंची डॉब्सोनियन दुर्बिणीचा विचार करा. सूर्याकडे मात्र यांपैकी कशातूनही, कधीही पाहू नका.

अंधार कुठे मिळेल?

शहरातून ठळक तारे आणि ग्रह दिसतात, आकाशगंगा नाही. नातेवाइकांचे वीस-पंचवीस किलोमीटरवरचे शेत उत्तम. आधी कळवा, नाहीतर रात्री बॅटऱ्या फिरवणारी चार माणसे पाहून सगळी वस्ती जागी होते. पायांत बूट हवेतच. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा एक लखलखाट ते वाया घालवतो. स्टेलॅरियमसारख्या ॲपमध्ये लाल पडदा सुरू ठेवा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. शहरालगतच्या सोलापूर विज्ञान केंद्रातही आकाशदर्शनाची चौकशी करून पाहावी.

या जिल्ह्याच्या आकाशासाठी माणसे एकेकाळी समुद्र ओलांडून आली आहेत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल ४० फुटी कॅमेरा घेऊन जेऊरला उतरले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवालाही आपला तळ तिथेच मांडून बसले होते. एवढा खटाटोप सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी होता.