यादी लावा, आधार क्रमांक झाका

दाखल्यांच्या केंद्रावर आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा उघड्यावर पडलेला असतो. मागची बाजू कोरी म्हणून कुणी त्यावर हिशेबही मांडतो. वास्तविक आधार कायद्याचं कलम 29 कुणाचाही क्रमांक जाहीर करायला मनाई करतं. लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर जरूर लावावी, सामाजिक अंकेक्षणासाठी ती हवीच. पण नाव आणि रक्कम पुरे. आणि झेरॉक्स लागलीच तर ‘मास्क्ड आधार’ची घ्यावी; त्यावर पहिले 8 अंक झाकलेले असतात.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मेख आहे ती कलम 7 मध्ये: अनुदान, दाखला किंवा परवान्यासाठी एकदा दिलेली संमती सरकारला दुसऱ्या योजनेसाठीही चालते.