दिसलं की पाऊल उचलतं

सकाळी ८. पनवेलचा दवाखाना उघडते आणि आधी रुग्णांच्या गोळ्यांच्या वेळा बघते. लेव्होडोपा या औषधाचा गुण आलेला असतानाच पार्किन्सन्सच्या माणसाकडून चालण्याचा सराव नीट होतो. उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, तेही तपासते.

९. निवृत्त गुरुजी येतात. "दारात आलं की पाय जमिनीला चिकटतात हो!" त्यांना आधारपट्टा बांधून ट्रेडमिलवर उभं करते. समोरच्या पडद्यावर रस्ता सरकू लागतो आणि त्यावर कॅमेऱ्याने टिपलेले त्यांचेच पाय दिसतात. डबकं आलं की लांब पाऊल, अडथळा आला की उंच. मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडलं की चालण्यातली सहजता जाते. पण डोळ्यांसमोर खूण असली की अनेकांचं पाऊल उचलतं.

१०. "खेळ खेळून पडायचे थांबतील?" त्यांची सून विचारते. तिला २०१६चा 'लॅन्सेट'मधला अभ्यास सांगते. पाच देशांतले, वारंवार पडणारे ३०२ ज्येष्ठ, त्यांत पार्किन्सन्सचे बरेच. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा सराव. ट्रेडमिलला आभासी रस्ता जोडलेल्या गटात पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं; नुसत्या ट्रेडमिलने तेवढा फरक पडला नाही. अडथळा ओळखणं, निर्णय घेणं, लक्ष विभागणं, हा मेंदूचा सरावही त्यात होतो.

दुपारी ३. लाईन आळीत एका आजींच्या घरी. इथे यंत्र नाही. उंबऱ्यापाशी रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावते, पायपुसणं उचलायला लावते. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांचे पार्किन्सन्स असलेले काका सपाट जमिनीवर अडखळत, जिना मात्र सहज चढत. सोनेजींनी जमिनीवर पायऱ्यांचं चित्र काढलं आणि काका त्यावरून चालले. तत्त्व तेच, खर्च नगण्य.

५. गुरुजींसोबत टपाल नाक्यावर. पडद्यावरचं चालणं इथे उतरलं नाही तर उपयोग काय? भाजीवाल्यापाशी पाय थिजतात. सून हात ओढू लागते. "ओढू नका ताई. थांबू द्या, अंग डावी-उजवीकडे डोलवू द्या, मग 'एक, दोन' म्हणा." पाऊल निघतं. वळतानाही जागेवर गर्रकन नाही, मोठा वळसा घेऊन.

७. नोंदी लिहिते. डॉ. भीम सिंघल यांनी २००१मध्ये मुंबईत सुरू केलेल्या पार्किन्सन्स संस्थेच्या आधारगटाची माहिती आजींच्या मुलाला पाठवते. पडण्याच्या धास्तीने माणूस घरात बसतो आणि बसून आणखी अशक्त होतो. हे चक्र तोडायला महागडं यंत्र मदत करतं, चिकटपट्टीही करते. रोजचा सराव आणि घाई न करणारं घर मात्र दोन्हीकडे लागतंच.