पिवळ्या कणांची मोजदाद

सूक्ष्म पातळीवरचा गोंधळ हा नियमाच्या वाटेतला अडथळा, असे सहज वाटते. १९०८ च्या सुमारास फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झां पेरँ यांनी पॅरिसमध्ये केलेले काम जवळून पाहिले की हे मत डळमळते. गँबोज हा चित्रकारांचा पिवळा डिंक त्यांनी साबणासारखा पाण्यात हाताने चोळला. पाण्यात उतरलेल्या लहानमोठ्या गोल कणांतून एकाच आकाराचे कण वेगळे काढायला सेंट्रिफ्यूज पुन्हापुन्हा फिरवावे लागले. किलोभर डिंकातून कित्येक महिन्यांनी हाती आले ते ग्रॅमचे काही दशांश! त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पाण्याच्या रेणूंचे धक्के खात कण सारखे भरकटताना दिसतात. असे हलते कण मोजायचे कसे? नेत्रिकेत सुईने भोक पाडलेली चकती बसवली, की एका वेळी फार तर चार-पाचच कण दिसतात आणि तेवढे एका नजरेत मोजता येतात. ठरावीक वेळाने पाहायचे आणि आकडा लिहायचा: कधी दोन, कधी शून्य, कधी पाच. पुढचा आकडा कोणता, हे सांगणे अशक्य. पण सुमारे १३,००० कण मोजून झाल्यावर तळापासून ५, ३५, ६५ आणि ९५ मायक्रॉन उंचीवरचे प्रमाण निघाले १००, ४७, २३ आणि १२. दर ३० मायक्रॉनला जवळजवळ निम्मे. वातावरणात हवा निम्मी विरळ व्हायला साडेपाच-सहा किलोमीटर चढावे लागते. नियम मात्र तोच.

पुष्कळ मोजले की काहीही गुळगुळीत दिसते, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतका चढउतार उरतो: शंभरात दहाचा, दहा हजारांत शंभराचा. यातून आकडे स्थिर का झाले ते कळते, निम्मेच का झाले ते कळत नाही. ते ठरते कणाच्या द्रवातल्या वजनावरून आणि तापमानावरून. कोणता रेणू कुठून आदळला याचा मागमूसही उरत नाही. कणांचा आकार बदलला, पाण्याऐवजी ग्लिसरीन घेतले (त्यात कण हलके ठरून वरच गोळा झाले), तरी हिशोबातून अ‍ॅव्होगाड्रो संख्या, म्हणजे एका मोलमधल्या रेणूंची संख्या, जवळपास तीच आली. नुसत्या सरासरीतून हे निघाले नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चढउतार एकमेकांना खोडतीलच, याची हमी काय? सरसकट हमी नाही. कण एकमेकांपासून स्वतंत्र हवेत, आणि पेरँ यांच्या विरळ मिश्रणात ते तसे होते. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसजवळच्या क्रांतिक बिंदूपाशी, म्हणजे द्रव आणि वायू यांतला फरक मिटतो तिथे, नेला की ही अट मोडते. दूरदूरच्या भागांतले चढउतार एकमेकांशी जोडले जातात आणि नितळ द्रव दुधाळ होतो. वर्गमुळाचा हिशोब तिथे कोसळतो. तरीही त्या बिंदूजवळ चढउतार कसे वाढतात ते सांगणारे घातांक कार्बन डायऑक्साइडला आणि झेनॉनला सारखेच लागू पडतात. ते का, याचे गणित भौतिकशास्त्रज्ञ केनेथ विल्सन यांनी १९७१ मध्ये मांडले.