सिल्लोडचा उन्हाळा आणि मुलांची सुट्टी

वार्षिक परीक्षा आटोपल्या, दप्तरे खुंटीला लागली, की घरोघरी दरसाल तोच प्रश्न उभा राहतो: जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत ह्या मुलांचे करावयाचे काय? समुद्रकाठच्या वा डोंगरावरील थंड गावी राहणाऱ्यांस ह्याचे उत्तर सोपे आहे. छत्रपती संभाजीनगराहून जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे ६५ किलोमीटरांवर असलेल्या सिल्लोडसारख्या गावी ते तितके सोपे नाही. मे महिन्यात तेथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो, विहिरी तळ गाठतात, आणि भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही.

अशा ठिकाणी आईबापांच्या दोन तऱ्हा दिसतात. काही जण उन्हाच्या व पाण्याच्या भीतीने मुलास दीड महिना चार भिंतींत कोंडून ठेवतात. मूल पडद्यापुढे बसून राहते व जूनमध्ये आळसावलेले, किरकिरे होऊन शाळेत जाते. दुसरे काही जण त्यास सकाळी मोकळे सोडतात ते तिन्हीसांजेपर्यंत त्याची चौकशी करीत नाहीत. आणि ह्यातूनच उन्हाळ्यात विहिरींच्या व तळ्यांच्या काठच्या त्या दुःखद बातम्या येतात. मुलाचा जीव आणि मुलाची वाढ ही दोन्ही सांभाळावयाची, तर ह्या दोहोंमधील मार्ग शोधला पाहिजे. मुलास मोकळीक द्यावी, परंतु तिची आखणी वडील माणसांनी आधी करून ठेवावी.

ही आखणी घड्याळापासून सुरू होते. उन्हाळ्यातील दिवसाचे तीन भाग करावे. पहाटेपासून दहापर्यंतचा वेळ खेळास, चालण्यास व सहलीस. दहापासून साडेचारपर्यंतचा घरातील सावलीस. आणि पुढला पुन्हा अंगणास. ह्या नियमामागील कारण मुलांस समजावून सांगितले, तर ती तो आनंदाने पाळतात. घरातील माठ हे त्याचे उत्तम साधन होय. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, वाऱ्याने त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जात असल्यामुळे ते गार होते. मनुष्याचे शरीरही असाच एक माठ आहे. घाम येतो, तो वाळतो, आणि वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. परंतु माठातील पाणी संपले, की माठ तापतो. तसेच अंगातील पाणी व मीठ कमी झाले, की घामाचे काम मंदावते. लहान मुलांस तहानेचे भान खेळाच्या भरात राहत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता त्यांस ठरल्या वेळी पाणी पाजावे.

ताक, कैरीचे पन्हे व लिंबाचे सरबत ही आपली जुनी पेये ह्या दृष्टीने फार शहाणपणाची आहेत. पाणी, मीठ व साखर ही तिन्ही त्यांतून मिळतात. जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी गेले असता औषधी क्षारांची पुडी हाताशी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे व मिठाचा अर्धा छोटा चमचा विरघळवून ते घोट घोट द्यावे. मीठ मात्र ह्याहून अधिक पडू देऊ नये. परंतु मुलाचे अंग भट्टीसारखे तापले, ते असंबद्ध बोलू लागले किंवा ग्लानीत गेले, तर तो उष्माघात समजावा. त्यास सावलीत निजवून कपडे सैल करावे, अंग ओल्या फडक्याने पुसत वारा घालावा आणि १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी मुळीच घालू नये.

दुपारचा दीर्घ वेळ मुलांस तुरुंगासारखा वाटू नये, ह्याची काळजी घरातील वडीलधाऱ्यांनी घ्यावयाची. उन्हाळा हा कुरडया, पापड, शेवया व लोणची ह्यांचा हंगाम. त्यांतील राखण करण्याचे काम मुलांकडे असतेच; परंतु गहू तीन दिवस भिजवून त्याचा चीक का काढतात, लोणच्यावर तेलाचा थर का ठेवतात, वाळवण ढगाळ दिवशी का बिघडते, हेही त्यांस कळावे. ज्या घरी आजी अशी उत्तरे देत बसते, त्या घरी दुपार कशी सरली ते मुलांस कळत नाही.

आता सहलींकडे वळू. लांबच्या प्रवासाचा खर्च न करता सिल्लोडच्या कुटुंबास एका दिवसात जे पाहता येते, त्यासाठी परदेशातील माणसे हजारो मैल येतात. तरीही पहिली सहल लेण्यांची नसून घाटमाथ्याची असावी. अजिंठ्याची डोंगररांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे आणि सिल्लोड तिच्या दक्षिणेकडील पठारावर वसलेले आहे. अजिंठा गाव मागे पडले, की पठार संपते, रस्ता घाट उतरू लागतो आणि खाली खानदेशाची सखल भूमी दिसू लागते. ह्या कड्याच्या दक्षिणेस पडलेला पाऊस पूर्णा व तिच्या उपनद्यांतून गोदावरीस मिळतो आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागरास जातो. उत्तरेस पडलेला पाऊस वाघूर नदीतून तापीस मिळतो आणि अरबी समुद्र गाठतो. वऱ्हाडातून येऊन तापीस मिळणारी पूर्णा ती वेगळी, हेही येथेच सांगून टाकावे. नकाशा पाहताना मोठी माणसेही तेथे फसतात. दोन शेजारच्या थेंबांची ताटातूट होऊन एक पूर्वसमुद्रास व दुसरा पश्चिमसमुद्रास जावा, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात वाचलेली मूल विसरेल. कड्यावर उभे राहून ऐकलेली विसरणार नाही.

दुसरी सहल अर्थातच अजिंठ्याच्या लेण्यांची. सोमवारी लेणी बंद असतात, एवढे ध्यानात ठेवून इतर कोणत्याही वारी सकाळीच निघावे. फर्दापूरजवळच्या फाट्यावर खासगी वाहने ठेवावी लागतात. तेथून पुढे लेण्यांपर्यंतचे सुमारे चार किलोमीटर बसने जावयाचे. वाघूर नदीने कातळ कापून नालेच्या आकाराचे वळण घेतले आहे आणि त्या वळणाच्या कड्यात ३० लेणी कोरलेली आहेत. बाहेर खडक पोळत असता आत मात्र गारवा वाटतो. कारण ज्वालारसाच्या थरांनी बनलेला हा काळा कातळ जाड आहे; दिवसाची उष्णता त्यात हळूहळू शिरते आणि ती फार आत पोहोचण्यापूर्वीच रात्र पडते.

मुलांस तीसही लेणी दाखविण्याचा अट्टाहास धरू नये. चार पाहावी, पण सावकाश पाहावी. दहाव्या लेण्यात त्यांस एक कोडे घालता येते. इ. स. १८१९ च्या एप्रिल महिन्याच्या २८ तारखेस मद्रासच्या फौजेतील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे आला व ही विस्मृत लेणी पुन्हा जगाच्या नजरेस आली. त्याने एका खांबावरील चित्रावरच आपले नाव व तारीख खरडून ठेवली. ती अक्षरे आज उभ्या माणसाच्या हातास पोहोचणार नाहीत इतक्या उंचीवर आहेत. मग स्मिथने ती लिहिली कशी? मुलांनी तर्क लढवावे, आणि मग सांगावे, की त्या काळी लेण्यात माती व दगडगोटे ह्यांचा थर साचलेला होता आणि तो त्या थरावर उभा होता. त्याबरोबरच दुसरीही गोष्ट सांगावी: प्राचीन चित्रावर नाव कोरणे हे शौर्य नव्हे, आणि आपले नाव भिंतीवर सोडून येणारा प्रत्येक प्रवासी त्याच चुकीत सामील होतो.

पहिल्या लेण्यात गेल्यावर डोळे अंधारास सरावेपर्यंत दोन-तीन मिनिटे सर्वांनी स्वस्थ उभे राहावे; मग भिंती हळूहळू उजळू लागतात. माती, भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू ह्यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ लेप आणि त्यावर बहुतेक आसपासच्या खनिजांतून केलेले रंग, अशी ह्या चित्रांची रचना आहे. निळा तेवढा दूरचा. राजावर्त नावाच्या मौल्यवान दगडापासून तो केला जाई आणि हा दगड आजच्या अफगाणिस्तानाकडून येई. अशा गिलाव्यास श्वासातील दमटपणाही बाधतो, म्हणून गर्दीवर निर्बंध घालावे लागतात. हे कळलेले मूल हात मागे बांधून उभे राहते. त्यास दटावावे लागत नाही.

उत्साह टिकला तर आणखी तीन जागा आहेत. सिल्लोड तालुक्यातील जंजाळा गावाजवळ घटोत्कच नावाचे लेणे आहे. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण ह्याच्या काळी ज्या मंत्रिकुळाने अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले, त्याच कुळाचा शिलालेख तेथे आहे. वाट चढाची व निर्जन असल्याने तेथे माहितगार माणसावाचून जाऊ नये. भोकरदनच्या बाजूस आन्वा येथे कोरीव खांबांचे जुने शिवमंदिर आहे. आणि जालना जिल्ह्यातच खेळणा व जुई ह्या नद्यांच्या संगमापाशी असईचे रणक्षेत्र आहे. तेथे इ. स. १८०३ च्या सप्टेंबरच्या २३ तारखेस आर्थर वेलस्लीने शिंदे व भोसले ह्यांच्या फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टन म्हणून नेपोलियनविरुद्ध लढला, हे ऐकल्यावर मुलांस जगाचा इतिहास व आपला तालुका ह्यांतील अंतर एकदम कमी झाल्यासारखे वाटते.

सहलीइतकेच आकर्षण पाण्याचे, आणि खरा धोका तेथेच. पूर्वी थोरला भाऊ वा मामा मुलाच्या कमरेस सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून त्यास विहिरीत पोहावयास शिकवी; दोर वर कोणाच्या तरी हाती असे. ही पद्धत सावध होती, कारण शिकविणारा प्रौढ तेथे हजर असे. आज शिवारात शेततळी झाली आहेत. त्यांच्या उतारावर प्लास्टिकचे अस्तर असते आणि ते ओले झाले म्हणजे काचेसारखे निसरडे होते. पाणी उथळ दिसते, काठ जवळ दिसतो. परंतु पाय घसरून आत गेलेल्यास, पट्टीच्या पोहणाऱ्यासही, धरावयास काही नसल्याने वर येता येत नाही. म्हणून शेततळ्यास कुंपण असावे आणि त्यात गाठी मारलेला दोर कायम सोडलेला असावा. मुलांस दोन नियम पाठ असावे. मोठ्या माणसावाचून पाण्याजवळ जावयाचे नाही. आणि सोबती बुडू लागला तर आपण उडी घ्यावयाची नाही. ओरडून माणसे बोलवावयाची व काठी, दोर, धोतर वा रिकामा डबा जे हाती लागेल ते त्याच्याकडे फेकावयाचे. एकास वाचविण्यास गेलेला दुसराही बुडतो, ह्याचे कारण भ्यालेला माणूस सोडविणाऱ्यासच मिठी मारतो.

राहता राहिला शिबिरांचा प्रश्न. बेडन-पॉवेल ह्यांनी इ. स. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातील ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांस नेले. त्यांत बड्या शाळांतील मुले होती आणि कामकरी कुटुंबांतीलही होती. त्यांच्या चार टोळ्या करून प्रत्येक टोळीचा कारभार एका मुलावरच सोपविला होता. बालवीर चळवळीचा उगम येथे झाला. महाराष्ट्रात इ. स. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शिबिरांची प्रथा रुजविली. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात असता मुलांची कामे स्वतः करीत, आणि ते पाहून मुलेच लाजून कामास लागत. ह्यातही शिबिराचे सारे तत्त्व आलेले आहे. लहान गट, प्रत्येकास नेमून दिलेले काम, आणि स्वतः काम करणारा वडील माणूस, एवढ्यांवर शिबिराची प्रतिष्ठा उभी असते. रंगीत टोप्या व प्रशस्तिपत्रे ह्यांवर नव्हे.

यास्तव मुलास शिबिरास धाडण्यापूर्वी पालकांनी संकोच न करता विचारावे: किती मुलांमागे एक प्रौढ आहे? रात्री मुलांजवळ, मुलींजवळ कोण असते? दुपारी काय करवितात? जवळचा दवाखाना कोठे आहे? घरी बोलावेसे वाटले तर मुलास बोलू देतात काय? ह्यांची सरळ उत्तरे न देणाऱ्याकडे मूल पाठवू नये.

ज्यांस शिबिराचे शुल्क जड जाते, त्यांनी खंत करण्याचे कारण नाही. मामेभावंडे, आतेभावंडे जमविणारे आजोळ हे आपले जुने शिबिरच आहे. त्यास थोडी शिस्त लावली म्हणजे झाले. सहा-सात मुले चार दिवस शेतावरच्या घरी राहावी. एका दिवशी एकाकडे पाणी भरण्याचे, दुसऱ्याकडे चुलीजवळ मदतीचे, तिसऱ्याकडे झाडलोटीचे, चौथ्याकडे दिवसाची टिपणवही लिहिण्याचे काम असावे, आणि दुसऱ्या दिवशी कामे बदलावी. मुलींकडे चूल व मुलांकडे दोर अशी वाटणी करू नये. रात्री अंगणात निजून तारे ओळखावे. मे महिन्याच्या सायंकाळी सप्तर्षी उत्तरेस उंच दिसतात आणि त्यांच्या पुढल्या दोन ताऱ्यांवरून ध्रुव सापडतो. काळोखात दिव्यावाचून व पायांत काही घातल्यावाचून कोणी हिंडू नये. सर्पदंश झालाच, तर जखम कापणे व मंत्र घालणे ह्यांत वेळ न दवडता तडक दवाखाना गाठावा.

ह्या सर्वांस पैसा थोडा लागतो. लागतो तो वडील माणसांचा वेळ, आणि तोच आजच्या घरांत दुर्मिळ झाला आहे. सहा आठवड्यांतून सहा सकाळी जरी आईबापांनी मुलांसाठी मोकळ्या ठेवल्या, तरी ह्यातील बहुतेक सर्व साधेल. मग जूनमध्ये पहिली सर कोसळेल तेव्हा अंगणातील ओहोळ पाहून मूल आपण होऊन विचारील, की हे पाणी कोणत्या समुद्रास जाणार. आणि त्याचे उत्तरही तेच देईल.