पडदा वाचणारा आवाज

माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गात एक पूर्ण अंध विद्यार्थी आहे. मातंग वस्तीतून आलेला, घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिलाच. गेल्या सत्रात तो संगणकासमोर बसला तेव्हा शेजारच्या मुलाने विचारले, 'सर, याला दिसत नाही, मग हा पडद्यावर काय बघणार?' प्रश्न भाबडा होता. पण तोच प्रश्न प्राध्यापकांच्या खोलीतही विचारला गेला, आणि तिथे तो भाबडा राहिला नाही. म्हणून हे लिहितो आहे.

तो बघत नाही, ऐकतो. त्याच्या संगणकावर 'एनव्हीडीए' नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे बोलून दाखवणारा प्रोग्राम आहे. हा प्रोग्राम पडद्याचे चित्र पाहून वाचतो असा आपला समज असतो. तो चूक आहे. संगणकावरच्या प्रत्येक वस्तूला आतून तीन गोष्टी चिकटवता येतात: तिचे नाव, तिचा प्रकार आणि तिची स्थिती. स्क्रीन रीडर ही माहिती संगणकाकडे मागतो आणि बोलतो: 'पाठवा, बटन', 'मान्य आहे, चौकट, खूण नाही'. बनवणाऱ्याने नाव दिलेच नसेल तर नुसते 'बटन' ऐकू येते. कशाचे बटन, ते देव जाणे.

माऊस त्याच्या कामाचा नाही, कारण बाण कुठे आहे हे डोळ्यांनीच कळते. सगळा कारभार कळफलकावर चालतो. टॅब दाबले की पुढच्या बटनावर वा रकान्यावर, आल्ट आणि टॅब दाबले की दुसऱ्या खिडकीत. इन्सर्टबरोबर खालचा बाण दाबला की सलग वाचन सुरू होते, कंट्रोल दाबले की आवाज गप्प. गप्प करण्याची ही कळ नवशिक्याला सर्वांत आधी शिकवावी. न थांबणाऱ्या आवाजानेच पहिल्या दिवशी माणूस घाबरतो.

खरी अडचण निराळीच आहे. डोळस माणूस पानावर एक नजर टाकतो आणि हवे ते टिपतो. कानाला नजर टाकता येत नाही. शब्द एकामागून एक रांगेतच येतात. यावर उपाय म्हणजे उड्या मारणे. संकेतस्थळाच्या पानावर एच दाबले की पुढचे शीर्षक, के दाबले की पुढचा दुवा, एफ दाबले की अर्जातला पुढचा रकाना, टी दाबले की पुढचा तक्ता. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की मागे. इन्सर्ट आणि एफ-सात दाबले तर पानावरच्या साऱ्या दुव्यांची किंवा शीर्षकांची यादीच समोर येते. तक्त्यात कंट्रोल, आल्ट आणि बाण वापरून घराघरांतून फिरता येते, आणि स्तंभ बदलला की त्याचे नावही ऐकू येते. आता कोणी विचारील, एच दाबून शीर्षकावर जायचे, तर एच हे अक्षर लिहायचे कसे? त्यासाठी दोन अवस्था आहेत, एक वाचण्याची आणि एक लिहिण्याची. रकान्यात शिरले की बारीकसा आवाज होऊन अवस्था बदलते. न बदलल्यास इन्सर्ट आणि स्पेस दाबून ती बदलावी लागते. नवशिके इथेच अडखळतात. सरावलेला माणूस मात्र आवाजाचा वेग इतका वाढवतो की आपल्याला एक अक्षर कळत नाही. माझा विद्यार्थी ऐकतो तो वेग मला अजून झेपलेला नाही.

हे साधन त्याच्यापर्यंत पोचले कसे, याचीही एक हकीकत आहे. 'जॉज' हा स्क्रीन रीडर 1989 साली अमेरिकेत टेड हेंटर या अपघातात दृष्टी गेलेल्या गृहस्थांनी काढला. तो उत्तम, पण पुढे त्याची किंमत हजार डॉलरच्या आसपास राहिली. ही किंमत म्हणजे गरिबाला दाखवलेले दारच. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने 2006 साली एनव्हीडीए लिहायला घेतला, तो याच कारणाने. पुढे जेम्स टेह हे दुसरे अंध प्रोग्रामर त्याला मिळाले. तो आजही फुकट आहे, आणि कसा बनवला तेही कोणालाही उघडून पाहता येते. विद्या राखून ठेवायची नाही, हे तत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको.

अंधत्व आणि जात एकच, असे मला म्हणायचे नाही. पण जन्मांधाला वारशात वाटा नाही असे मनुस्मृतीचा नववा अध्याय सांगतो, आणि वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे वा लाख ओतावी असे गौतम धर्मसूत्र सांगते. एकाचा वाटा डोळ्यांवरून काढून घेतला, दुसऱ्याची विद्या कानातच बुजवली. हा विद्यार्थी त्या दोन्ही यादींत बसतो, आणि तो कानानेच शिकतो आहे.

माझ्या वडिलांना लिहिता येत नसे. अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा आणि काय लिहिले ते पुन्हा तिसऱ्याकडून वाचून घ्यायचे, अशी त्यांची रीत होती. परीक्षेतल्या लेखनिकावर अवलंबून असलेल्या या मुलाची तगमग म्हणून मला समजते. संगणकावर तो स्वतः लिहितो, स्वतः तपासतो. मात्र मध्यंतरी एक शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना शेवटी वेडीवाकडी अक्षरे असलेले चित्र आले: ओळखून लिहा. चित्राला मजकूर नाही, ऐकण्याची सोय नाही. चाळीस मिनिटांचे काम तिथे अडले, आणि त्याला डोळस माणूस शोधावा लागला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यतेची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक करण्यास केंद्र सरकारला सांगितले, आणि 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. निकाल चांगले आहेत. चित्र अजून तिथेच आहे.

पण दोष सगळा सरकारचा नाही, आपलाही आहे. आपण मजकूर टाइप करताना शीर्षक नुसते ठळक आणि मोठे करतो. डोळ्याला ते शीर्षक दिसते, स्क्रीन रीडरला ती साधी ओळ वाटते; एच दाबून तो तिथे पोचत नाही. वर्डमध्ये कंट्रोल, आल्ट आणि एक दाबले की ओळ खरोखर शीर्षक होते. एवढेसे काम आहे.

त्याहून मोठी गोष्ट आपल्या फाँटची. युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी फाँटांत अक्षर दिसते देवनागरी, पण आत साठवलेले असते ते इंग्रजी अक्षरांचे वा चिन्हांचे स्थान. स्क्रीन रीडर आतले वाचतो, म्हणून मराठी कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा ऐकू येतो. युनिकोडमधले मराठी तो सरळ वाचतो. त्याच्याबरोबर फुकट येणाऱ्या 'ईस्पीक' या आवाजाला मराठीही येते, उच्चार थोडे यांत्रिक असले तरी. जुन्या अंकांच्या नुसत्या छायाप्रती काढून ठेवल्या असतील, तर त्या त्याच्या लेखी कोऱ्या कागदासारख्याच. त्यांतून मजकूर काढणारे प्रोग्राम आहेत, पण जोडाक्षरांत ते चुकतात, आणि त्या चुका डोळस माणसाने बसून दुरुस्त कराव्या लागतात.

परिणाम असा की या मुलाने अमेरिकेतल्या काळ्या लेखकांची इंग्रजी पुस्तके संगणकावर वाचली आहेत, आणि दलित साहित्याची मराठी नियतकालिके त्याला माझ्याकडून वाचून घ्यावी लागतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही बसतो. मागच्या खेपेला मी एका कथेतला शिवीचा परिच्छेद गाळला. त्याने तो ओळखला आणि मला परत मागे जायला लावले.

हा लेख संपादकांकडे मी युनिकोडमध्ये पाठवीत आहे. छपाईसाठी तो जुन्या फाँटमध्ये बदलला जाईल, हे मला ठाऊक आहे. जुळणी करणाऱ्यांची अडचणही ठाऊक आहे. माझी मागणी एवढीच की बदलण्यापूर्वीची मूळ फाइल पुसू नये, आणि अंकातल्या इतर लेखकांकडूनही तशीच फाइल मागून घ्यावी. जुन्या अंकांच्या दुरुस्तीसाठी माझ्या वर्गातली सहा मुले रविवारी बसायला तयार आहेत. अंक मात्र कोणाकडे तरी पूर्ण असले पाहिजेत.