फाइल एकीची, परवानगी दुसरीला

२००५ साली जीझिप, बीझिप२, सीपीआयओ आणि अनझिप या, संकुचित वा एकत्र बांधलेल्या फाइली उलगडणाऱ्या चार जुन्या, भरवशाच्या प्रोग्रॅममध्ये एकाच जातीची फट उघड झाली. फाइल उलगडून झाली की ते ती बंद करत आणि मग केवळ नावावरून तिला मूळ परवानग्या लावत. या दोन पायऱ्यांमधल्या निमिषात, त्याच फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा असलेला दुसरा वापरकर्ता ती फाइल काढून त्याच नावाने हार्ड लिंक (म्हणजे दुसऱ्या एखाद्या फाइलचेच आणखी एक नाव) ठेवू शकत असे. ही लिंक उलगडणाऱ्याच्याच मालकीच्या, त्याच डिस्क विभागातल्या एखाद्या खासगी फाइलची! उलगडलेल्या फाइलच्या सैल परवानग्या मग त्या खासगी फाइलला लागत आणि ती सर्वांसाठी खुली होई. उलगडणारा ‘रूट’, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता असेल, तर कोणाचीच फाइल सुरक्षित नसे.

संकुचनाच्या गणितात चूक नव्हती, म्हणूनच ही फट इतकी वर्षे नजरेआड राहिली असावी. उपाय मात्र साधा: फाइल उघडी असतानाच, नावाऐवजी तिच्या डिस्क्रिप्टरवर (उघड्या फाइलच्या थेट खुणेवर) परवानग्या बदलणारे ‘एफसीएचमॉड’ चालवणे. २०१२च्या लिनक्स ३.६ कर्नलमध्ये परक्या फाइलींच्या हार्ड लिंक रोखण्याची सोयही आली.