धातुसान्निध्य आणि अनुस्फुरण : द्रव्यपरीक्षणाच्या दृष्टीने विचार

द्रव्यपरीक्षणातील अतिनील दिवा आपल्या फार्मसीधारकांस परिचित आहे. दारुहरिद्रेतील बर्बेरिन त्याखाली पिवळे चमकते. दमट कोठारातील वनस्पतींवर वाढणाऱ्या बुरशीचे विष अफ्लाटॉक्सिन ‘बी’ निळे, तर ‘जी’ हिरवे दिसते. ब्लू व ग्रीन या रंगांवरूनच त्यांना ही नावे पडली. शोषलेला प्रकाश अधिक तरंगलांबीने तत्काळ परत देण्याच्या या गुणास अनुस्फुरण म्हणजेच फ्लुओरेसन्स म्हणतात. तथापि विष अत्यल्प असल्यास ही चमक जाणवत नाही. ती वाढविण्यास धातू कसे साह्य करतात, हे प्रस्तुत लेखात पाहू.

चांदी वा सोन्याच्या नॅनोकणावर योग्य तरंगलांबीचा प्रकाश पडला की त्यातील मुक्त इलेक्ट्रॉन एका लयीत आंदोलित होतात. या सामूहिक आंदोलनास प्लाझमॉन म्हणतात. त्यायोगे कणानिकटचे विद्युत्क्षेत्र प्रबल होऊन तेथील रेणू अधिक प्रकाश शोषतो. शिवाय ऊर्जा उष्णतारूपाने वाया जाण्यापूर्वीच ती प्रकाशरूपाने बाहेर पडण्याचा वेग वाढतो. म्हणून मुळात मंद चमकणाऱ्या पदार्थांस हा लाभ विशेष होतो.

मात्र येथे सर्व काही अंतरावर अवलंबून आहे. रेणू धातूस चिकटल्यास त्याची ऊर्जा धातूतच जिरून चमक मावळते. फार दूर असल्यास धातूचा प्रभाव पोहोचत नाही. २००६ मध्ये आंगर, भारद्वाज व नोवोत्नी यांनी ८० नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा कण एकेका रेणूजवळ नेऊन पाहिले. चमक प्रथम वाढली आणि अतिनिकट येताच घटली. यास्तव संवेदकांतील धातुकणांवर सिलिकासारख्या पदार्थाचा काही नॅनोमीटर जाडीचा थर देतात. धातूची निवडही रंगानुसार करावी लागते. सोने निळा प्रकाश स्वतःच शोषते, त्यामुळे ते तांबड्या चमकेस उपयुक्त; अफ्लाटॉक्सिन बी च्या निळ्या चमकेस चांदी अधिक योग्य.

यातून व्यवहारासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, चमकेचा अभाव हा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. गडद रंगाचे घटक किंवा लोहासारखे धातू ती झाकोळू शकतात. म्हणून वनस्पतिद्रव्याची परीक्षा भस्मे मिसळण्यापूर्वीच करावी. दुसरी, अशा तत्त्वावरील परीक्षणसंच घेताना विक्रेत्यास विचारावे, की आपल्याच द्रव्याच्या निर्दोष नमुन्यात ज्ञात प्रमाणात मिसळलेले विष या संचास तेवढेच सापडते काय? शुद्ध द्रावणातील आकडे पुरेसे नाहीत. तिसरी, संवेदकातील नॅनोकणांचा आकार, आवरण व अंतर नियंत्रित असते. सुवर्णभस्मातील सूक्ष्म कण बहुधा पुंजरूप असतात. केवळ ‘नॅनो’ या शब्दसाम्यावरून भस्मांच्या गुणकर्मांविषयी दावे करणे शास्त्रसंमत नाही.

रुग्णाच्या हाती जाणारे चूर्ण निर्विष असावे, हे आपले उत्तरदायित्व आहे. साधन कितीही सूक्ष्म असले, तरी त्याची मर्यादा जाणूनच निर्णय घ्यावा.